बोटीपर्यंतची वाट (सहकुटुंब कॅरिबियन : भाग तिसरा)

क्रूझ ठरवताना बहुतेक घरांत आधी बोट बघितली जाते. पाण्याच्या घसरगुंड्या किती, बाल्कनीची खोली केवढ्याला, मुलांचा क्लब कितव्या मजल्यावर. मग तारीख ठरते, पैसे भरले जातात आणि त्यानंतर कुणीतरी विचारतं, "पण ही बोट सुटते कुठून?" मला हा क्रम उलटा वाटतो. आधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडावेत. मग कोणती बेटं बघायची ते बोलावं, त्यावरून बंदर ठरवावं आणि बंदरावरून विमान, गाडी की आगगाडी ते. बोट सगळ्यांत शेवटी. घसरगुंड्या बऱ्याच मोठ्या बोटींवर असतात.

या लेखमालेत आपण धरलेलं कुटुंब न्यू जर्सीतल्या एडिसनचं. नवरा-बायको दोघंही एच-वन-बीवर, सहा वर्षांची मुलगी अमेरिकेत जन्मलेली आणि नवऱ्याचे आईवडील नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले. अशी घरं तिकडे गल्लोगल्ली आहेत. टेबलावर पासपोर्ट मांडले की पहिली अडचण सुनेच्या पासपोर्टात सापडते. तिच्या आय-७९७ची, म्हणजे एच-वन-बीच्या मंजुरीपत्राची, मुदत चालू आहे, नोकरी कायदेशीर, राहणं कायदेशीर. पण पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख उलटून गेलीय. स्टॅम्पिंगसाठी भारतात जाऊन यायचं राहून गेलं. रोजच्या जगण्यात त्याने काही अडत नाही, म्हणून ते लक्षातही राहत नाही. अमेरिकेबाहेर पाऊल टाकून परत यायची वेळ येते तेव्हा मात्र अडतं.

यावर ओळखीपाळखीत एक तोडगा हमखास सांगितला जातो: तीस दिवसांच्या आत परत आलं की संपलेल्या व्हिसावरही आत घेतात. नियम खरा आहे, सांगणारे तो अर्धाच सांगतात. एच-वन-बीवाल्यांना ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. शेजारची बेटं त्यात धरली जातात ती विद्यार्थ्यांच्या एफ आणि जे व्हिसांसाठी, आणि त्यातूनही क्युबा वगळून. म्हणजे बहामा किंवा जमैकाला लागणारी बोट सुनेला चालणार नाही. फक्त कोझुमेलला जाऊन येणारी चार-पाच दिवसांची फेरी कागदोपत्री चालेल; पण बोटीवर घ्यायचं की नाही हे चेक-इनच्या टेबलावर बसलेला माणूस ठरवतो आणि त्याच्याशी इमिग्रेशनच्या कलमांवर वाद घालण्याची ती जागा नव्हे. मी तो धोका पत्करणार नाही. आधी स्टॅम्पिंग, मग क्रूझ.

"मी बेटावर उतरणारच नाही, बोटीतच बसेन," ही पळवाटही उपयोगाची नाही. बोट परदेशी बंदराला लागून आली की आतला प्रत्येक जण परदेशातून आलेलाच धरला जातो. आणि परदेशी बंदर टळत नाही, त्यामागे १८८६चा एक कायदा आहे: पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट. अमेरिकी जहाजवाल्यांचा देशांतर्गत धंदा परक्यांनी पळवू नये म्हणून तो केला गेला. मायामीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटींच्या मागे लावलेला झेंडा बघितलात तर तो बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाचा असतो. अशा बोटीला अमेरिकेच्या बंदरांमध्ये प्रवासी फिरवून परत आणायचे तर मधे एखाद्या परदेशी बंदराला लागावं लागतं. म्हणून वेळापत्रकात नासाऊ किंवा कोझुमेल असं नाव असतंच. जाहिरातीत दिसणारी कंपन्यांची 'खासगी बेटं'सुद्धा बहुतेक बहामातली आहेत, म्हणजे परदेशच.

आजी-आजोबांचं तुलनेने सोपं असतं. त्यांचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक वेळा प्रवेशाचा असतो. तरी पासपोर्ट उघडून एकदा खात्री करून घ्यावी. बेटांवर जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, असं मात्र गृहीत धरू नये. इतक्या छोट्या फेरीनंतर साधारणपणे आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, उरलेल्या मुदतीपुरताच प्रवेश मिळतो. कोणत्या बेटाला भारतीय पासपोर्टसाठी काय लागतं, याची बंदरवार यादी कंपनीकडून लेखी घ्यावी. आजोबांचा विमाही उघडून वाचावा. तो 'अमेरिकेतल्या वास्तव्यापुरता' असेल तर बोटीवरच्या दवाखान्याचं बिल खिशातून जाईल. नातीला, अमेरिकी नागरिक म्हणून, त्याच बंदरातून निघून त्याच बंदराला परतणाऱ्या फेरीवर जन्मदाखल्यावरही जाता येतं. तरी तिचा पासपोर्ट काढून घ्यावा. त्याचं कारण पुढे येईल.

आता बेटं. इथे आजोबांनी एक पेच टाकलाय. त्यांना पोहायचं नाही, वाळूत बसायचं नाही. त्यांना बार्बाडोसला ब्रिजटाउनमधलं केन्सिंग्टन ओव्हल बघायचंय. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये जिंकून आला, त्या दौऱ्यात गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि त्यातलं एक शतक या मैदानावरचं. आजोबा तेव्हा रेडिओला कान लावून बसणाऱ्यांतले. शिवाय २९ जून २०२४ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तोही इथेच, म्हणजे मुलगाही आजोबांच्या बाजूला. सून आणि नात घसरगुंडीच्या बाजूला.

हट्ट रास्त आहे, पण नकाशा त्याला साथ देत नाही. ब्रिजटाउन मायामीपासून समुद्रमार्गे अडीच हजार किलोमीटरहून दूर आहे. वीस नॉट वेगाने न थांबता गेलं तरी बोट दिवसाला नऊशे किलोमीटरच्या आतबाहेर जाते. म्हणजे तीन दिवस जायला, तीन यायला. सात रात्रींच्या फेरीत ते बसत नाही. फ्लोरिडाहून निघणाऱ्या आठवड्याच्या बोटी नासाऊ, कोझुमेल, जमैका, फार तर सेंट थॉमस आणि सेंट मार्टेनपर्यंत जातात. बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा एका आठवड्यात हवं असेल तर सुरुवातच दक्षिणेकडून करायला हवी. पोर्टो रिकोतलं सान हुआन त्यासाठी उत्तम.

सान हुआन आपल्याकडच्या जाहिरातींत फारसं नसतं, त्याचं मला नवल वाटतं. पोर्टो रिको १८९८पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे नुअर्कहून तिथे जाणारं विमान देशांतर्गत धरलं जातं. चारेक तासांचा प्रवास. घड्याळ मात्र जपावं: तिथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून हिवाळ्यात ते न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं. परतताना विमानतळावर शेतकी खातं सामान तपासतं. आंबे, रोपं लपवून आणायच्या फंदात पडू नये. तिथून निघालेल्या बोटीला बेटामागून बेट लागतं, नुसतं पाणी बघत काढायचे दिवस कमी. तोटा असा की मायामीच्या मानाने तिथून सुटणाऱ्या बोटी बऱ्याच कमी, विमानभाडं बहुधा जास्त आणि सगळ्यांत मोठ्या नव्या बोटी फ्लोरिडाकडेच. नात रुसेल.

फ्लोरिडात तीन बंदरं मुख्य आहेत: मायामी, फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स आणि ऑरलँडोच्या बाजूचं पोर्ट कॅनाव्हरल. टॅम्पालाही बंदर आहे, पण तिथे समुद्रातून आत येताना सनशाइन स्कायवे पुलाखालून यावं लागतं आणि त्याखाली मोकळी उंची जेमतेम १८० फूट. राक्षसी बोटी तिथे जाऊच शकत नाहीत. तिकिटं शोधताना विमानतळ आणि बंदर यांतलं अंतर बघावं, भाड्याचा आकडा त्यानंतर. फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावरून तिथलं बंदर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. मायामीचा विमानतळ ते बंदर तेरा-चौदा किलोमीटर. पण स्वस्त मिळालं म्हणून फोर्ट लॉडरडेलला उतरून मायामीची बोट पकडायची, तर वाटेत ४५ किलोमीटरची रहदारी आहे. ऑरलँडो विमानतळ ते कॅनाव्हरल साधारण ७० किलोमीटर आणि तिथे रेल्वे जात नाही. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा म्हणजे मोठी व्हॅन, दोन्ही वेळा.

ब्राइटलाइन ही आगगाडी सप्टेंबर २०२३पासून ऑरलँडो विमानतळापर्यंत येते. तिथून मायामी साडेतीन तासांवर, वाटेत फोर्ट लॉडरडेल. आधी नातीला डिस्ने दाखवून मग दक्षिणेची बोट पकडायची असेल तर हा सुखाचा मार्ग आहे.

एडिसनहून स्वतःची गाडी काढायची म्हटली तर पोर्ट कॅनाव्हरल सुमारे १,६५० किलोमीटर, मायामी दोन हजार. आय-९५ सरळ आहे आणि कंटाळवाणाही. दोघं चालवणारे असले तरी वाटेत एक मुक्काम हवाच, जाताना आणि येताना. वर बंदरावर आठवडाभराचं पार्किंग. रजेचे चार दिवस रस्त्यातच जातात. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर मी ही कल्पना पहिल्याच बैठकीत बाद करीन. गाडी बरोबर हवीच असेल तर ॲमट्रॅकची ऑटो ट्रेन आहे: व्हर्जिनियातल्या लॉर्टनला संध्याकाळी गाडीसकट चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फ्लोरिडातल्या सॅनफर्डला उतरायचं. रात्रीच्या झोपेत तेराशेहून जास्त किलोमीटर मागे पडतात. मात्र एडिसनहून लॉर्टन गाठायलाच चार-पाच तास लागतात, आणि सॅनफर्डला उतरून त्याच दिवशीची बोट धरायचा बेत करू नये. गाड्या डब्यांतून उतरवायला वेळ लागतो.

आणि एक मार्ग अगदी दाराशी आहे. बेयॉनचं केप लिबर्टी बंदर एडिसनपासून चाळीसेक किलोमीटर. विमान नाही, हॉटेल नाही, बॅगांच्या वजनाची कटकट नाही. शेजारी गाडीने सोडून येतो. बहामा गाठायला दोन दिवस लागतात आणि यायला दोन, म्हणून बेटप्रेमी या मार्गाला नाकं मुरडतात. जानेवारीत तर पहिला दिवस स्वेटर घालूनच डेकवर जावं लागतं, आणि उत्तर कॅरोलिनाच्या हॅटरस टोकापाशी समुद्र खवळलेला असू शकतो. तरीही ज्या घरात म्हातारी माणसं आहेत आणि कुणालाही ठरावीक बेटाचा ध्यास नाही, तिथे माझं मत बेयॉनला. आपल्या कुटुंबात तो ध्यास आहे, म्हणून त्यांना सान हुआन. टेक्सासवाल्यांना हाच न्याय गॅल्व्हस्टनच्या बाबतीत लागू होतो. ह्यूस्टनकरांना ते तासाभरावर आणि तिथून कोझुमेल, रोआतान ही पश्चिमेची बंदरं होतात.

विमानाने जाणाऱ्यांनी एक दिवस आधी पोहोचावं. यात मी तडजोड करत नाही. कोकणकन्या चुकली तर सकाळची मांडवी असते. बोटीमागून बोट नसते. प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाकडे जावी लागते, म्हणून चार वाजता सुटणाऱ्या बोटीचं चेक-इन अडीच-तीनलाच बंद होतं. नुअर्कला फेब्रुवारीत हिमवादळ आलं की विमानं रद्द होतात, आणि पुढच्या भरलेल्या विमानात एक जागा मिळेलही. पाच एकत्र मिळत नाहीत. बोट चुकली तर पुढच्या बंदरावर विमानाने गाठायची मुभा कधी कधी कंपनी देते. तेव्हा नातीला पासपोर्ट लागेल, जन्मदाखल्यावर ती परदेशी जाणाऱ्या विमानात बसू शकत नाही. आजी-आजोबांना आणखी एक अडचण: क्रूझवरून काही तासांसाठी उतरणाऱ्याला बरीच बेटं व्हिसा मागत नाहीत, पण विमानाने येणाऱ्याला नियम वेगळे असू शकतात. विमानाचं तिकीट बोटीच्याच कंपनीकडून काढलं तर अशा वेळी धावाधाव त्यांच्याकडे जाते. थोडे पैसे जास्त पडले तरी मोठ्या कुटुंबाने हा पर्याय तपासून बघावा.

महिन्यांचं थोडक्यात. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोर. भाडी तेव्हाच उतरतात. बोट वादळाला वळसा घालते, फार तर बेटं बदलते, आणि तसं करायचा हक्क करारात कंपनीकडे असतो. अडचण विमानतळ आणि मूळ बंदर बंद पडण्याची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीत शिक्षक अधिवेशनासाठी शाळांना सुटी असते. तेव्हा सगळी जर्सी फ्लोरिडाला निघते, विमानभाड्यांत ते दिसतं. आजोबांच्या बेताला मी जानेवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात सुचवीन.

परतीच्या दिवशी बोट पहाटे धक्क्याला लागते, पण उतरणं, सामान शोधणं आणि इमिग्रेशनची रांग यांत सकाळ जाते. अमेरिकी पासपोर्टवाली नात पटकन सुटेल, बाकीचे चौघे थांबतील; म्हणून पाचही जणांनी एकाच रांगेत उभं राहावं आणि विमान दुपारी बाराच्या नंतरचंच घ्यावं, कॅनाव्हरल असेल तर दीड-दोननंतरचं. सगळ्यांचे पासपोर्ट, आय-७९७ ची प्रत आणि आजोबांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवलेल्या बॅगा धक्क्यावरच परत मिळतात.

खोली कुठल्या मजल्यावर घ्यावी आणि आजींच्या चतुर्थीच्या उपवासाचं बोटीवर काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.