टेम्पोला मोठे टायर घालताय? नट जुळले म्हणजे चाक जुळलं असं नाही



आज पीक बाजूला ठेवून गाडीवर बोलू. पावसात शेतरस्त्याला पिकअप रुततो, म्हणून मोठे टायर आणि सोबत रुंद डिस्क घ्यायचं बऱ्याच जणांच्या मनात आहे. आकुर्डी, निगडी, चाकण पट्ट्यात जुन्या डिस्कही मिळतात. दुकानात पहिला प्रश्न येतो, "नट किती?" पाच भोकं जुळली की आपण पैसे देऊन मोकळे. खरं माप पुढेच आहे.

तुम्हाला हे ट्रॅक्टरवरून लगेच कळेल. बटाट्याच्या सऱ्यांसाठी मागची चाकं आत-बाहेर करायची तर आपण डिस्क उलटी बसवतो. टायर तोच, रिम तीच, पण हबला टेकणारी बाजू बदलली की चाक आत नाहीतर बाहेर सरकतं. टेम्पोच्या डिस्कमध्ये हेच माप कारखान्यात पक्कं केलेलं असतं. त्याला *ऑफसेट* म्हणतात: रिमच्या रुंदीच्या बरोब्बर मध्यापासून हबला टेकणारा पत्रा किती मिलिमीटर लांब आहे ते. पत्रा बाहेरच्या बाजूला असेल तर प्लस, आतल्या बाजूला असेल तर मायनस. बऱ्याच डिस्कवर 'ईटी' या अक्षरांपुढे हा आकडा ठोकलेला असतो.

आकडा दिसत नसेल तर *बॅकस्पेसिंग* मोजा. टायर काढलेली डिस्क पालथी ठेवा, म्हणजे आतली बाजू वर येईल. रिमच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पत्र्यापर्यंत टेपने मोजा. झालं. टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरच्या फुगीर भागावर टेकते आणि माप चुकतं.

आता हिशोब. समजा जुनी डिस्क 6 इंची, ईटी 30. रिमचे काठ धरून तिची एकूण रुंदी साधारण 7 इंच, म्हणजे 178 मिमी. अर्धे 89, अधिक 30, बॅकस्पेसिंग 119 मिमी. नवी डिस्क 7 इंची, ईटी शून्य घेतली, तर एकूण 203 मिमी आणि बॅकस्पेसिंग 102. म्हणजे बाहेरचा काठ तब्बल 42 मिमी बाहेर आला! चाक मडगार्डला घासतं, स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हाताला झटके बसतात आणि पुढच्या बेरिंगवर ताण वाढतो. तीच 7 इंची डिस्क ईटी 30 ची घेतली तर उलटं, आतला काठ 13 मिमी आत जातो. तिकडे पाटे, टायरॉड आणि ब्रेकचा होज पाइप आहे. भरल्या गाडीने घाट उतरताना हा होज घासून फाटला तर काय होईल, ते सांगायला नको.

टायरचं मापही धरा. 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 घातला की रुंदी 20 मिमी, उंची साधारण 30 मिमी वाढते. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या आसपास पळत असते.

रिकाम्या गाडीवर "घासत नाही" हे ऐकून घेऊ नका. गोण्या भरल्या की पाटे बसतात. म्हणून माल भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून बघा. मागे जोडचाकं असतील तर दोन टायरांमध्ये फट राहते का तेही बघा. टेकले की तापतात. चाक बाहेर काढायला मध्ये चकती (स्पेसर) घालायचा सल्ला मिळेल, मालवाहू गाडीला तो मानू नका. डिस्कवरची आणि टायरवरची वजनक्षमता मूळ टायरइतकी तरी हवीच. नवी चाकं बसवल्यावर 50 ते 100 किमीनंतर नट पुन्हा आवळा.

कागदाचंही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे गाडीत कंपनीच्या मापापलीकडे बदल करण्यावर बंधनं आहेत. पासिंग किंवा विम्याचा दावा अडू शकतो. कंपनीने दिलेल्या मापातलाच मोठा पर्याय आधी विचारा. माझं मत विचाराल तर चिखलासाठी त्याच मापाचा खोल गुट्ट्यांचा टायर बहुतेकांना पुरतो.

डिस्क घेण्याआधी जुन्या आणि नव्या, दोन्हींचं बॅकस्पेसिंग मोजून टेपसकट फोटो ग्रुपवर टाका. हिशोब इथेच करून देऊ.