मेट्रो कुहीच्या वाटेवर कधी येणार?

नागपूर मेट्रो 2019 च्या मार्चमध्ये धावू लागली आणि 2022 च्या डिसेंबरात पहिला टप्पा पुरा झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर हे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. दुसऱ्या टप्प्यात कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीपर्यंत रूळ जातील. या चारही फाट्यांत नागपूर जिल्ह्यातलं कुही नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. खांबांवरची मेट्रो दाट वस्तीत, किलोमीटरभर अंतरावरच्या स्थानकांवर परवडते. मध्ये शेतंच शेतं असलेल्या भागात ती परवडत नाही.

पण म्हणून कुहीकराने एसटीच्याच भरवशावर राहायचं का? नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे कुहीवरूनच जात होती. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती 2019 मध्ये बंद झाली. खरी मेट्रो कुहीला हवी ती याच मार्गावर: सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी धावणारी लोकल आणि नागपूरच्या इतवारी स्थानकावर उतरताच मेट्रोपर्यंत नेणारी फीडर बस. एवढे प्रवासी कुठून येणार, असं कुणी विचारेल. कॉलेजची मुलं, मेडिकल रुग्णालयात जाणारे रुग्ण, रोजंदारीवरचे मजूर आजही नागपूरला जातातच. दिवसातून एखाद-दुसरी गाडी सोडून प्रवासी मोजले, तर ते कमीच भरतील.