नकाराला जागा देणारे शब्द

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये स्वतःचं निधन होईपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड भरावा लागला, मासिक मात्र थांबलं नाही. त्याच्याही आधी वि. का. राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना एकनिष्ठ विवाह अनादि काळापासून चालत आलेला नाही हे जुन्या ग्रंथांतले दाखले देऊन सांगितलं होतं. त्यामुळे आजच्या विषयासाठी मराठी वाचकाची क्षमा मागण्याचं कारण मला दिसत नाही. विषय आहे तो जोडीदाराच्या माहितीने आणि संमतीने एकापेक्षा अधिक व्यक्तींशी संबंध ठेवणाऱ्यांचा, आणि त्यांच्यात रूढ झालेल्या परिभाषेचा.

ही परिभाषा मुख्यतः अमेरिकेत, गेल्या साठेक वर्षांत घडली. पुण्या-मुंबईतले तरुण आज ती डेटिंग ॲपवर वाचतात. बरेचदा अर्थ अर्धाच कळलेला असतो, आणि या बाबतीत अर्धा अर्थ घातक ठरू शकतो. यातले बहुतेक शब्द ‘इथपर्यंत हो, इथून पुढे नाही’ हे सांगता यावं म्हणून तयार झाले. म्हणून मी प्रत्येक शब्दाला एकच कसोटी लावते : तो वापरल्याने दोघांतल्या कमी ताकदीच्या माणसाला नकार देणं सोपं होतं का? काही शब्द या कसोटीला उतरतात, काही उतरत नाहीत. आणि न उतरणाऱ्यांत बरेच लोकप्रिय शब्द आहेत.

सगळ्यांना सामावणारी संज्ञा ‘कन्सेन्शुअल नॉन-मोनोगॅमी’, म्हणजे परस्परसंमतीने सोडलेली एकनिष्ठा. लपूनछपून केलेलं प्रकरण यात बसत नाही. तिथे एकाला ठाऊक असतं आणि दुसऱ्याला फसवलेलं असतं. हा फरक केवळ नीतीचा नाही, आरोग्याचाही आहे. टेरी कॉन्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उघडपणे अनेकांशी संबंध ठेवणारे लोक कंडोमसारखी काळजी जास्त घेताना आढळले, जोडीदाराला फसवणारे कमी. कारण उघड आहे. जी गोष्ट घरात बोलताच येत नाही, तिच्यासाठीची रक्ततपासणीही घरात बोलता येत नाही. असे लोक मूठभर असतील अशी आपली समजूत असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या अविवाहित प्रौढांच्या दोन मोठ्या देशव्यापी पाहण्या होत्या. त्यांत पाचातल्या एकाहून थोड्या अधिक लोकांनी आयुष्यात कधी ना कधी अशा संबंधात राहिल्याचं सांगितलं.

या छत्राखालचं सगळ्यात जुनं घर स्विंगिंगचं. जोडप्याने जोडपं म्हणूनच दुसऱ्या जोडप्याला किंवा व्यक्तीला भेटायचं, संबंध शरीरापुरता ठेवायचा, प्रेमाची गाठ घरच्याच माणसाशी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या तळांवर याची सुरुवात झाली, अशी आख्यायिका सांगतात. गाडीच्या किल्ल्या एका भांड्यात टाकून जोड्या ठरवण्याच्या पार्ट्यांच्याही कथा आहेत, आणि आंग लीच्या १९९७ च्या ‘द आइस स्टॉर्म’ने ते दृश्य जगभर पोचवलं. पक्के पुरावे दोन्हींचे तोकडे आहेत. पक्कं आहे ते सत्तरच्या दशकाचं. मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट बार्टेल यांचं शिकागो परिसरातल्या स्विंगरांवरचं पुस्तक १९७१ मध्ये आलं. त्यांना भेटलेली माणसं हिप्पी नव्हती. उपनगरात राहणारी, गोरी, मध्यमवर्गीय आणि बाकीच्या बाबतींत बऱ्यापैकी सनातनी होती. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली लॅरी लेव्हेन्सन यांनी ‘प्लेटोज रिट्रीट’ हा क्लब ॲन्सोनिया हॉटेलच्या तळघरात उघडला. एकट्या पुरुषाला तिथे प्रवेश नव्हता, दारू चालत नसे. एड्सच्या साथीत, १९८५ मध्ये शहराने तो बंद करवला.

स्वतःच्या जगाला हे लोक ‘लाइफस्टाइल’ म्हणतात, आणि बाहेरच्या सरळमार्गी जगाला ‘व्हॅनिला’. ‘सॉफ्ट स्वॅप’ म्हणजे चुंबन, स्पर्श इथपर्यंतच. संभोग फक्त आपल्या जोडीदाराशी. नेमकी रेघ कुठे, हे प्रत्येक जोडपं आपलं ठरवतं. ‘फुल स्वॅप’मध्ये ती रेघ नसते. ‘सेम रूम’ म्हणजे एकाच खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांदेखत. ‘सेपरेट रूम’ म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांत. वरवर पाहता हा मामुली तपशील वाटेल. पण समजा, एका जोडप्याने दुसऱ्याला आधी कॉफीसाठी भेटायचं ठरवलं. या पहिल्या भेटीत पुढे काहीही होणार नाही, असा बहुतेक ठिकाणी संकेत असतो. तिथे बाई म्हणते, ‘आम्ही सॉफ्ट, सेम रूम.’ या चार शब्दांत तिने मर्यादा सांगितली, नवरा नजरेआड होणार नाही हेही सांगितलं, आणि आयत्या वेळी कुणी आग्रह केला तर बोट दाखवायला आधार तयार केला. लाज सांभाळत लांबलचक समजावत बसण्याची वेळ तिच्यावर आली नाही. चांगली परिभाषा माणसाला असं संरक्षण देते. क्लबांतला मूळ नियमही याच जातीचा आहे : नाही म्हणजे नाही, आणि कारण विचारायचं नाही.

तरी परिभाषेने सगळं निभत नाही, हे त्या काळच्या पाहण्यांनीच दाखवलं. ड्युएन डेनफेल्ड यांनी १९७४ मध्ये विवाह समुपदेशकांना विचारून स्विंगिंग सोडलेल्या जोडप्यांची माहिती जमवली. सोडण्याच्या कारणांत मत्सर सर्वांत वर होता. या जगात पाऊल टाकायचा प्रस्ताव बहुधा नवऱ्याचा असे, बाहेर पडायचा निर्णय मात्र जास्त वेळा बायकोचा. म्हणजे आत येताना तिने दिलेला ‘हो’ खरोखर तिचा होता की संसार टिकवण्यासाठी दिलेला होता, हा प्रश्न उरतोच. ‘वाइफ स्वॅपिंग’ हा जुना शब्द समुदायाने टाकून दिला तो याचसाठी. त्यात अदलाबदल करणारे पुरुष होते आणि बायका ही अदलाबदलीची वस्तू. आपल्याकडच्या बातम्यांनी मात्र तो अजून जपून ठेवला आहे.

‘युनिकॉर्न’ शब्दाबद्दल मला कडक बोलायचं आहे. पुराणकथेतला हा एकशिंगी घोडा म्हणजे जोडप्यातल्या दोघांनाही हवी असलेली, दोघांवरही सारखीच लुब्ध होणारी, स्वतःसाठी काहीही न मागणारी एकटी, उभयलिंगी आकर्षण असलेली तरुणी. अशी स्त्री जवळजवळ मिळत नाही म्हणून हे नाव, आणि तिच्या शोधात फिरणारी जोडपी ती ‘युनिकॉर्न हंटर’. अटी जोडप्याने आधीच ठरवलेल्या असतात. तिने त्या मान्य करायच्या आणि नकोशी झाली की निघून जायचं. एका पुरुषाच्या घरातल्या सगळ्या स्त्रिया एकमेकींशी किंवा त्याच्याशीच संबंध ठेवू शकतात, दुसऱ्या पुरुषाशी नाही, असा नियम काही जण करतात. त्यालाही इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे. त्यात नवं काही नाही. जुन्या जनानखान्यावर नवा रंग चढवला आहे, इतकंच.

दुसरं मोठं घर पॉलिॲमरीचं. इथे एकापेक्षा अधिक व्यक्तींवर प्रेम, तेही सर्वांच्या माहितीने. मॉर्निंग ग्लोरी झेल यांनी १९९० मध्ये ‘ग्रीन एग’ नियतकालिकातल्या लेखात ‘पॉली-ॲमरस’ हे विशेषण वापरलं, आणि तिथून शब्द पसरत गेला. १९९७ मध्ये डॉसी ईस्टन आणि जॅनेट हार्डी यांचं ‘द एथिकल स्लट’ आलं आणि ते या लोकांचं पाठ्यपुस्तकच झालं. हार्डी यांनी त्या वेळी टोपणनाव घेतलं होतं. त्याआधी १९७२ मध्ये नेना आणि जॉर्ज ओनील या दांपत्याचं ‘ओपन मॅरेज’ प्रचंड खपलं होतं. त्या पुस्तकाचा बहुतेक भाग पतिपत्नींच्या मैत्रीबद्दल आणि मोकळ्या संवादाबद्दल होता. वाचकांनी लक्षात ठेवली ती विवाहाबाहेरच्या संबंधांवरची थोडी पानं.

शब्दांची खरी टांकसाळ होती सॅन फ्रान्सिस्कोमधली ‘केरिस्टा’ ही वसाहत. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं ती टिकली. शेवटच्या काळात मॅकिंटॉश संगणक विकण्याचा त्यांचा चांगला धंदा होता. लहान लहान गट, गटातले सगळे एकमेकांचे जोडीदार, बाहेर कुणाशी संबंध नाही; याला त्यांनी ‘पॉलिफिडेलिटी’ म्हटलं. आज रात्री कोण कुणाच्या खोलीत, याचं पाळीपाळीने फिरणारं वेळापत्रक ठरलेलं असे, म्हणजे कुणाला डावललं जाऊ नये. वेळापत्रकाने प्रेम होत नाही हे खरं. पण मत्सराचं मूळ बरेचदा अनिश्चिततेत असतं, आणि वेळापत्रकाने ती जाते. ‘कॉम्पर्शन’ हा शब्दही तिथलाच. आपल्या माणसाला दुसऱ्यासोबत सुखात पाहून आपल्याला वाटणारा आनंद, असा त्याचा अर्थ. ही भावना खरी आहे, ती अनुभवलेल्यांवर माझा विश्वास आहे. पण तिची सक्ती होऊ लागली की तोच शब्द घात करतो. ‘तुला कॉम्पर्शन वाटत नाही म्हणजे तू अजून मागासलेली’ असं सुनावलं की रडणाऱ्या बाईचं रडणंही तिचाच दोष ठरतं.

त्यामानाने ‘मेटामोर’ हा शब्द मला फार उपयोगी वाटतो. माझ्या जोडीदाराचा दुसरा जोडीदार, ज्याच्याशी माझा स्वतःचा प्रेमसंबंध नाही, तो माझा मेटामोर. जुन्या बहुपत्नीक घरात हे नातं ‘सवत’ या एका शब्दात बसायचं आणि त्या शब्दात वैर आधीच भरलेलं असायचं. मेटामोर शब्दात वैर गृहीत नाही, मैत्रीही गृहीत नाही. सगळे मेटामोर एका टेबलाशी बसून चहा पिऊ शकतात तेव्हा त्याला ‘किचन टेबल’ पद्धत म्हणतात. प्रत्येकाने आपापलं नातं वेगळं ठेवलं तर ‘पॅरलल’. या सगळ्या जाळ्याला ‘पॉलिक्यूल’. प्रत्यक्षात पॉलिक्यूल चालतं ते सामायिक कॅलेंडरवर. मंगळवारी मुलाची पालकसभा कुणी गाठायची, ताप आला तर घरी कोण थांबणार, दिवाळीला कोण कुणाच्या आईवडिलांकडे जाणार, हेच मोठे प्रश्न. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ शेफ यांनी अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या पुस्तकात शय्येपेक्षा मुलांची, पैशांची आणि वेळेची चर्चा जास्त आहे.

एकत्र राहणारा तो ‘नेस्टिंग पार्टनर’. नव्या नात्यातल्या पहिल्या धुंदीला ‘एनआरई’ असं लघुरूप आहे, आणि जुन्या जोडीदाराला ‘थांब, ही धुंदी आहे, महत्त्वाचे निर्णय आत्ता घेऊ नकोस’ असं सांगता यावं म्हणून ते अतिशय कामाचं आहे. ‘व्हेटो’ म्हणजे एका जोडीदाराला दुसऱ्याचं बाहेरचं नातं एकतर्फी तोडता येण्याचा हक्क. तो असलेल्यांना सुरक्षित वाटतं. ज्याचं नातं तुटतं त्याला मात्र बाजू मांडायची सोयच नसते. ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’, म्हणजे तू कर पण मला सांगू नकोस, हा करार मला सगळ्यात ठिसूळ वाटतो. ज्याची माहितीच नाही त्याला संमती कशी द्यायची? बहुतेक निष्ठावान पण अधूनमधून सवलत, अशा जोडप्यांसाठी अमेरिकी स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांनी ‘मोनोगॅमिश’ शब्द रुळवला. स्वीडनमधल्या आंडी नोर्डग्रेन यांनी २००६ मध्ये ‘रिलेशनशिप ॲनार्की’ मांडली : कुठल्याही नात्याला दुसऱ्यावर आपोआप वरचढ दर्जा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या सोमरविल शहराने २०२० मध्ये, पाठोपाठ केंब्रिजने २०२१ मध्ये दोनपेक्षा अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची कायदेशीर नोंद मान्य केली.

आपल्याकडे कायद्याचं चित्र वेगळं आहे. मुंबई प्रांताने १९४६ मध्येच हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. आज नव्या न्याय संहितेखालीही पहिला विवाह अस्तित्वात असताना दुसरा करणं हा सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. व्यभिचार हा गुन्हा मात्र उरलेला नाही. तो रद्द कसा झाला, हे या लेखासाठी महत्त्वाचं आहे. दंड संहितेचं कलम ४९७ हे १८६० चं. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा होती, पण तिच्या नवऱ्याची संमती किंवा डोळेझाक असेल तर गुन्हाच होत नसे. म्हणजे संमती हा शब्द आपल्या कायद्यात दीडशे वर्षं होता, फक्त ती नवऱ्याची होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी जोसेफ शाइन खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण ते बायकोला नवऱ्याची मालमत्ता मानत होतं. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही उभा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात एका विवाहितेने पोलिसांत तक्रार केली. नवरा तिला इतर पुरुषांकडे जायला भाग पाडत होता. तपासात समाजमाध्यमांवरचे मोठे गट सापडले, नवऱ्यासह अनेकांना अटक झाली. देशभरच्या मथळ्यांत, मराठीतही, शब्द होता ‘वाइफ स्वॅपिंग रॅकेट’. वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती मौजमजा करणारी जोडपी. प्रत्यक्षात एक बाई नाही म्हणत होती. तिच्या नकारानंतर जे घडलं त्याला कायद्यात बलात्कार म्हणतात, आणि ते घडवून आणणाऱ्या नवऱ्याला चिथावणी देणारा गुन्हेगार.

माझं वृत्तसंपादकांना, वकिलांना आणि समुपदेशकांना कळकळीचं सांगणं आहे. समोर आलेल्या प्रकरणात बाईचा ‘हो’ होता का, हे आधी विचारा आणि मग शब्द निवडा. होता, तर तो त्या प्रौढ माणसांचा खाजगी प्रश्न आहे. मथळा करू नका. नव्हता, तर स्वॅपिंग, लाइफस्टाइल यांतला एकही शब्द त्या बातमीत येता कामा नये. आणि कुणी जोडीदार तुमच्यापुढे हा विषय काढत असेल, तर दुसरं काही ठरवण्याआधी एवढंच विचारून घ्या : मी नाही म्हटलं तर आपलं काय होईल? उत्तर ऐकून भीती वाटली, तर स्त्रियांसाठीची १८१ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.