क्षणभर जगणाऱ्या रेणूचा हिशेब

इ. स. १९०१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे चामिचान आणि सिल्बर या रसायनशास्त्रज्ञांनी ऑर्थो-नायट्रोबेंझाल्डिहाइड हा पदार्थ उन्हात ठेवला. त्याचे ऑर्थो-नायट्रोसोबेंझॉइक आम्ल बनले! मूळ रेणूत सात कार्बन, पाच हायड्रोजन, एक नायट्रोजन व तीन ऑक्सिजन. आम्लाच्या रेणूतही नेमके तेवढेच. बदलल्या त्या अणूंच्या जागा. हे कसे घडते?

सहा कार्बन अणूंचे वलय डोळ्यांसमोर आणा. एका कार्बनला नायट्रो गट, म्हणजे एक नायट्रोजन व दोन ऑक्सिजन, जोडलेला आहे. लगतच्या कार्बनला अल्डिहाइड गट. प्रकाश शोषून रेणूची ऊर्जा वाढली, की नायट्रो गटातील ऑक्सिजन शेजारच्या गटातील हायड्रोजन ओढून घेतो. हेच दोन गट वलयाच्या समोरासमोरच्या टोकांना असतील, तर ऑक्सिजन तेथवर पोहोचत नाही आणि ही अदलाबदल होत नाही.

हायड्रोजन सरकताच अंतिम पदार्थ मिळतो असे मात्र नाही. मध्ये एक अल्पजीवी रेणू तयार होतो. तो बाटलीत भरून ठेवता येत नाही; मग पाहायचा कसा? १९४९ च्या सुमारास केंब्रिज येथे नॉरिश आणि पोर्टर यांनी अशा पाहुण्यांसाठी एक युक्ती काढली. प्रकाशाच्या एका प्रखर झोताने अभिक्रिया सुरू करायची व अत्यल्प वेळाने दुसरा झोत सोडून कोणता प्रकाश शोषला जातो ते टिपायचे. दोन झोतांमधील वेळ वाढवत गेले, की अल्पजीवी रेणूचा जन्म आणि अंत दोन्ही कळतात. या पद्धतीसाठी १९६७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांना वाटा मिळाला.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७८ मध्ये कॅप्लान व सहकाऱ्यांनी पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूला नायट्रोबेंझिल जातीचा गट जोडला. असा 'कोंडलेला' एटीपी पेशीला वापरता येत नाही. अतिनील प्रकाश पडला, की तो मोकळा होतो. पुढे हीच युक्ती स्नायूंच्या अभ्यासात वापरली गेली.

पण येथेही हायड्रोजन सरकून आधी अल्पजीवी रेणू बनतो. तो मोडल्यावरच एटीपी सुटतो, आणि त्याला काही सहस्रांश सेकंद लागतात. आता सांगा : झोत पडल्यावर स्नायूची हालचाल उशिरा सुरू झाली, तर त्यातला उशीर स्नायूचा किती आणि या रेणूचा किती? त्याचे आयुष्य आधी मोजलेले असेल, तरच हा हिशेब सुटतो.