दुसरा रक्तदाब

दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब ठीक निघाला, की दम लागतो म्हणणाऱ्या बाईला सारे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या.’ परंतु देहात रक्तदाब दोन असतात, हे आम्हांलाही फार उशिरा, वाचता वाचता कळले.

हृदयाची डावी बाजू साऱ्या देहाला रक्त पुरविते, उजवी फक्त फुप्फुसांना. या दुसऱ्या वाटेवरचा सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या सुमारे 14 मिलिमीटर असतो. तो 20 च्या वर गेला, की फुप्फुसांचा उच्च रक्तदाब म्हणावा, असे 2022 च्या युरोपीय मार्गदर्शिकेने ठरविले. दंडावरचा पट्टा तो दाखवीत नाही. इकोने संशय येतो; उजव्या हृदयात नळी घालून मोजल्यावर खात्री पटते.

याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटणे. रखवालदाराने चोर सोडून घरच्यांवरच काठी उगारावी, तसे. ल्यूपस, मिश्र संयोजी ऊतींचा विकार आणि स्क्लेरोडर्मा हे असे रोग. त्यांत फुप्फुसांतील बारीक धमन्या जाड होऊन वाट अरुंद होते आणि उजवे हृदय अखेर थकते.

मग रखवालदाराची काठीच काढून घेतली तर? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात पहिल्या दोन रोगांच्या 16 रुग्णांना आधी केवळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली. 8 जणांना गुण आला. आजार फारसा बळावला नव्हता, अशांचा त्यांत भरणा होता. स्क्लेरोडर्मात मात्र या औषधांनी हा दाब उतरत नाही. तेथे धमन्या रुंदावणाऱ्या औषधांवरच भिस्त ठेवावी लागते.

काठी काढली, की खऱ्या चोरालाही रान मोकळे होते. जंतुसंसर्गाचे भय वाढते. सायक्लोफॉस्फमाइडने वंध्यत्वही येऊ शकते, आणि ल्यूपस तर बहुधा तरुण स्त्रियांनाच गाठतो. तेव्हा हा निर्णय तज्ज्ञाने रोग्याशी बोलूनच घ्यावा.

आणखी एक गोष्ट आम्हा कामगारांच्या जिव्हाळ्याची. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत स्क्लेरोडर्मा आढळल्याची नोंद 1957 साली झाली. सिलिकाच्या धुळीशी त्याचे नाते पुढेही दिसून आले. म्हणजे ही औषधे जेथे हात टेकतात, तोच रोग धूळ देऊ शकते. म्हणून दगडाच्या कामावर पाणी मारून धूळ बसविण्याची मागणी पगारवाढीइतकीच मोलाची आहे.

जिना चढताना दम लागत असेल, थंडीत बोटे पांढरी पडत असतील, सांधे दुखत असतील, तर दंडावरच्या आकड्यावर समाधान मानू नका. इको करून घ्या.