खजुराचा तुरटपणा (लेखांक ६)

जूनच्या अखेरीस आपल्या बाजारात कच्छची ताजी खारीक येते. पिवळी, लाल, काडीला लगडलेली. एखादी अर्धीकच्ची दाताखाली आली, की आधी करकरीत गोडवा लागतो आणि पाठोपाठ जीभ जड होऊन टाळ्याला चिकटल्यासारखी वाटते. मागच्या लेखात डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन पाहिलं, त्याच कुळातलं हे रसायन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं.

जिवाणूंच्या बाबतीतही तेच. त्यांच्या आवरणातल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं आणि वाढीला लागणारं लोहही अडवून धरतं. बी तयार होईपर्यंत फळ किडीपासून आणि बुरशीपासून जपायचं, तर झाडाला अशी सोय हवीच.

अरबीत या फळाच्या अवस्थांना वेगवेगळी नावं आहेत : हिरवं किम्री, करकरीत खलाल, मऊ रुतब आणि सुकलेलं तम्र. पिकताना टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन न विरघळणारे होतात, म्हणून तुरटपणा हरपतो. मग तम्र महिनोन्‌महिने कसं टिकतं? साखरेमुळे. मुरांबा टिकतो तसंच. साखर पाणी बांधून ठेवते आणि जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणूनच खजुराच्या रसाने जिवाणूंची वाढ थांबली असं कोणी म्हटलं, तर ती साखरेने थांबली की आणखी कशाने, हे आधी विचारायला हवं.

कार्डिफच्या संशोधकांनी हा प्रश्न नीट हाताळला. इराकमध्ये बसऱ्याकडे खजूर आटवून काकवीसारखा पाक करतात. त्यातली पॉलिफेनॉल (टॅनिनही यांतलंच) त्यांनी साखरेपासून वेगळी काढली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ही द्रव्यं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्याच्या माऱ्याने जिवाणूंची वाढ खुंटते. पॉलिफेनॉल म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं, असं आपण सतत ऐकतो. इथे ती नेमकं उलटं काम करतात. मला या अभ्यासातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता प्रमाण पाहा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू रोखायला दर मिलिलिटरमागे या पॉलिफेनॉलचे २० मिलिग्रॅम लागले, ई. कोलायला ३०. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला त्या औषधाचे २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतात. म्हणजे निदान दहा हजार पटींचा फरक. शिवाय पॉलिफेनॉल आतड्यातून रक्तात फार थोडी उतरतात. काचेच्या बशीत जिवाणू थांबले म्हणून खजूर खाल्ल्याने न्यूमोनिया हटेल, असं मुळीच नाही. खजुराने आजार बरे होतात असे संदेश पुढे पाठवणारे लोक आजारी माणसाचं नुकसान करतात, हे मी स्पष्टच सांगतो.

खजूर स्वतः निर्जंतुक असतो, असंही समजू नका. २०२१ साली ब्रिटनमध्ये मेजूल खजुरातून हेपेटायटिस ए पसरला होता. चिकट सालीला धूळ आणि हातांचा मळ सहज लागतो. तेव्हा सुटा खजूर आणलात, तर वाहत्या पाण्याखाली धुऊन, पुसून मगच डब्यात भरा. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या खजुरावर भरवसा ठेवून अर्ध्यावर सोडू नका.