गल्लीतले गाणे आणि गाण्याची मजुरी



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत मजुरीविषयी बोलावे, अशीच आपली अपेक्षा असणार. मीही मजुरीविषयीच बोलणार आहे. फक्त ती गाण्याची मजुरी आहे. त्यासाठी मी निवडला आहे मुंबईचा रॅपगायक डिव्हाइन. हे नाव ऐकून पुढच्या रांगेतल्या काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला येथून दिसते आहे. माझ्याही पडल्या होत्या. त्या कशा उतरल्या, ते आधी सांगतो.

खामगावच्या बाजारात पोती वाहणाऱ्या आमच्या एका सभासदाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. बापाच्या हमालीवर त्याने वऱ्हाडीत एक रॅप रचला होता. एका इसमाने त्याचे ध्वनिमुद्रण केले, मुलाच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि ‘सर्व हक्क’ असे लिहिलेल्या कागदावर सही घेतली. पुढे ते गाणे वरातीत वाजू लागले. मुलगा मला म्हणाला, “काका, गानं माह्यं हाय, मंग पैसा त्याचा कसा?” तीस वर्षे हजेरीपट आणि हमालीचे दर यांवर भांडलेला मी या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे वाचनालयात झाले. तेव्हा पुन्हा वाचनालय गाठले.

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमके जुळवीत, वेगाने बोललेले गाणे. त्याचा उगम न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब काळ्या वस्तीत, १९७३ च्या सुमारास झाला. ज्यांच्यापाशी वाद्ये नव्हती, त्यांनी वाजणाऱ्या तबकडीलाच वाद्य केले. आपल्याकडे १९९२ साली बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने हा प्रकार घरोघर नेला, पण ती करमणूक होती. गल्लीचे सुखदुःख त्यात यायला आणखी वीस वर्षे लागली.

डिव्हाइनचे खरे नाव व्हिव्हियन फर्नांडिस. जन्म १९९० चा, वस्ती अंधेरीची. आई परदेशी नोकरीला, सांभाळ आजीकडे. आरंभी तो इंग्रजीत गात असे. आपल्या वस्तीची हिंदी त्याने मागाहून धरली, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या यशाचे मूळ तेथे आहे. २०१३ साली ‘ये मेरा बॉम्बे’ आले. २०१५ साली कुर्ल्याच्या नेझीबरोबर ‘मेरे गली में’ आले आणि गल्लीच्या गाण्याला नाव मिळाले. २०१६ साली ‘जंगली शेर’ एका मोठ्या कंपनीने काढले. २०१९ च्या फेब्रुवारीत या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ चित्रपट आला. त्यातले ‘अपना टाइम आएगा’ डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांनी लिहिले होते. त्यासाठी दोघांना २०२० साली फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याच २०१९ साली डिव्हाइनने स्वतःची ‘गली गँग’ ही कंपनी उभी केली आणि ‘कोहिनूर’ हा गीतसंग्रह काढला. पुढे २०२० मध्ये ‘पुण्य पाप’ आणि २०२२ मध्ये ‘गुनहगार’ आले.

मला यातली कंपनीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी डफावर गिरणगाव पेटवला; दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या शब्दांवर लोकांनी जीव टाकला, पण अण्णाभाऊंचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. आपल्या शब्दांचा मालक होणे हे कलावंताला फार उशिरा सुचले. अर्थात मालक झालेल्या कलावंताने आपल्याकडे गाणाऱ्या पोरांना काय दिले, हा प्रश्न मी त्यालाही विचारीन. संघटनेच्या माणसाची ती खोड आहे.

आता कायदा. एका गाण्यात तीन माल असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द रचणाऱ्याचा हक्क रचनेबरोबरच जन्मतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते काढणाऱ्याचा. पूर्वी एका सहीने तिन्ही माल त्याच्या घरी जात. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि २०१२ साली कायदा सुधारला. आता गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा वारसांना किंवा हक्कवसुलीच्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. इतर कोणाला तो लिहून दिला तरी तो करार रद्दबातल ठरतो. किमान वेतनाखाली राबायला मजूर स्वतः कबूल झाला, तरी कायदा ती कबुली मानीत नाही. तसेच हे आहे.

त्या मुलाला मी हे समजावून सांगितले. त्याने गीतकारांच्या संस्थेकडे अर्ज केला आहे. पैसा अजून हाती आलेला नाही, आणि येईल तो किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसऱ्या गाण्याच्या वेळी त्याने कागद आधी घरी आणला, बापाला वाचून दाखवला, आणि मग सही केली.

मंडळी, आपल्या घरातले पोर उद्या असे काही बडबडू लागले, तर त्याला गप्प करण्यापूर्वी एकदा ऐका. आवडले नाही तरी चालेल. मात्र त्याच्यापुढे सहीचा कागद आला, तर चष्मा लावून तो तेवढा वाचा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.